जिन्याखालची पेटी

१२ फेब्रुवारी २००७

ही डायरी बॅटरीच्या दुकानदारानं दिली. दरवर्षी देतो. मागच्या दोन वर्षांच्या कपाटात कोऱ्याच पडल्यात. माझी पोरगी पवित्रा म्हणाली, "अव्वा, दिवसभर आमच्यावर जे वरडतीस ते ह्यात लिही, आमचे कान तरी सुटतील." माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर मोठं येतं आणि पान लगेच संपतं. बघू किती दिवस जमतं.

आज डोकं फिरलंय म्हणून बसले. लोडशेडिंग आता सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा झालंय. मालक, म्हणजे पवित्राचे वडील, होते तेव्हा केबलला लोडशेडिंगचं भय नव्हतं. लाईट गेली की गिऱ्हाइकाचा टीव्हीपण बंद, मग केबल चालू असली काय नि नसली काय. पण मालकांनी जायच्या आधी त्याच वायरीतून नेट सुरू केलं. नेटवाल्यांच्या घरात इन्व्हर्टर. लाईट गेली तरी त्यांचा कॉम्प्युटर चालतो, मग त्यांना नेट पाहिजेच. ते बंद पडलं की फोन माझ्या कानाला. मालक गेले वर्षापूर्वी, हार्टनं. तेव्हापासून खांबावर आमचा वायरमन पिराजी, कॉम्प्युटरवर पवित्रा आणि शिव्या खायला मी.

आज बाळासो आला. गंगावेशीत त्याचा सायबर कॅफे आहे. बसला नाही, दारातूनच बोलला.

"वैनी, सांगून ठेवतो. पाडव्यापर्यंत बघणार. लोडशेडिंगमधी नेट टिकलं तर तुमचं, न्हायतर टेलिफोनवाल्यांचं घेणार. त्यांच्याकडं बॅटऱ्या हायत्या खोलीभर."

"मग जा की आत्ताच."

"जातो म्हणालो न्हाय. पाडव्यापर्यंत म्हणालो."

चहा न पिता गेला. तो गेला की त्याच्या मागं सगळी पेठ जाणार. सगळे त्यालाच विचारतात कुणाचं नेट चांगलं. मग मोठे केबलवाले येतील आणि मालकांनी चौदा वर्षं ओढलेल्या वायरी भंगाराच्या भावानं मागतील. दोनदा येऊन गेलेतच. मी मेल्याशिवाय देत नाही.

१४ फेब्रुवारी

आमच्या घरातून काचेची फायबर तार शुक्रवार पेठेत जयपालअण्णांच्या घरी जाते. त्यांच्या जिन्याखाली आमची लोखंडी पेटी आहे. पवित्रा तिला नोड म्हणते, मी पेटी म्हणते. पेटीतून काळ्या वायरी घरोघर जातात आणि खांबांवरच्या, सिग्नल वाढवणाऱ्या डब्यांना करंटसुद्धा पेटीतूनच, त्याच वायरीनं जातो. पेटीचा करंट गेला की अख्खी पेठ मेली. तिला दोन बॅटऱ्या होत्या. दोन्ही फुगल्या, भाकरीसारख्या.

दुकानदार म्हणतो, "वैनी, तीन वर्षांची बॅटरी तुम्ही वर्षात खाल्ली. रोज दोनदा तळापर्यंत पिळल्यावर ती तरी काय करंल?"

पवित्रा म्हणते दोन नको, चार घे. "दोन लावल्यास तर परत पिळल्या जातील. चार असल्या की निम्म्याच वापरल्या जातील, जास्त वर्षं टिकतील."

"चार म्हणजे माझ्या पाटल्या गेल्या."

"पाटल्या घालून बसणार कुठं? अंधारात?"

तोंड फार चालतं पोरीचं. माझंच आलंय.

पिराजी म्हणतो जनरेटर घ्या. त्याचा आवाज गल्लीत कोण ऐकून घेणार, आणि डिझेल काय नदीतून आणायचं?

१६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास. पोटात साबुदाणा आणि वर पित्त. तरी पिराजीला घेऊन अण्णांच्या घरी गेले, फुगलेल्या बॅटऱ्या काढायला. दिवस अजून मावळायचा होता. अण्णांच्या बायकोनं, सीताआक्कांनी, जेवणं उरकून भांडीसुद्धा पालथी घातलेली. जैनांचं असं असतं, दिवस मावळल्यावर कडक पाळणारे पाणीदेखील पीत नाहीत. अण्णा आतल्या खोलीत पडलेले. गुळाची अडत होती त्यांची मार्केट यार्डात. लिलाव बोलायला उभे राहिले की रस्त्यावरचा माणूस थांबायचा. आता नुसता खोकला ऐकू येतो.

बघते तर जिन्याखाली आमच्या पेटीशेजारी नवाकोरा इन्व्हर्टर. मोठाल्या दोन बॅटऱ्या. त्यांच्या मुलानं, अभिनंदननं, दिवाळीला बेंगळूरहून येऊन बसवला म्हणे. तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टर लागला, तर घरात दिवा किती? देवाजवळचा एक. मी बघतच राहिले. ह्यांचं जेवण उजेडात होतं, झोपणं लवकर, टीव्ही नावाला. इन्व्हर्टर नुसता बसून आहे आणि हातभर अंतरावर माझी पेटी करंटवाचून मेली आहे.

"आक्का," म्हटलं, "पेटीची पिन तुमच्या इन्व्हर्टरला लावू का? पावसाळ्यापर्यंत."

आक्का आतल्या खोलीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फार वढती का ग पेटी?"

"कसली वढतीया. एका पंख्याएवढी."

मला तरी काय माहीत किती ओढते. पिराजी खाकरला. मी त्याच्याकडं बघितलं तसा गप्प बसला.

"लाव की मग," आक्का म्हणाल्या. "पुरात तुझ्या मालकांनी, चनबसाप्पांनी, यांना पाठीवर घालून भाईर काढलंय. तुला न्हाय कसं म्हणू?"

झालं. मालकांनी पहिल्यापासून रीत घालून दिली आहे, ज्याच्या घरात पेटी त्याला केबल फुकट. फुकट म्हणजे काय फुकटच असतं का? जागा देतात, करंट देतात. आता थोडा जास्त देतील.

घरी येताना लिंगाच्या देवळात बेल वाहिला. पाटल्या हातातच आहेत.

२१ फेब्रुवारी

पाच दिवस झाले, लोडशेडिंगमध्ये नेट एकदाही गेलं नाही. बाळासोनं सकाळी फोन केला, मी पूजेला बसले होते. आम्हा लिंगायतांत पूजेला इष्टलिंग डाव्या हातावर घेतात, ते हातावर असताना मी उठत नाही. फोन वाजू दे नाहीतर घर पेटू दे. अख्ख्या पेठेला माहीत आहे. नंतर लावला तर म्हणतो, "वैनी, काय जादू केलीसा?"

"जादू न्हाय. अक्कल."

पवित्रा खूश होईल वाटलं, तर तिचं भलतंच. "अव्वा, आक्कांना विचारलंस का, इन्व्हर्टर घेतलाय कशाला?"

"कशाला म्हणजे? इन्व्हर्टर कशाला असतो? दिव्याला."

"दोन म्हाताऱ्या माणसांच्या एका दिव्याला एवढ्या मोठ्या बॅटऱ्या?"

"पोरगं बेंगळूरला कमावतंय. त्याला दाखवायचं असंल."

ह्या शिकलेल्या पोरांना साधं काही दिसत नाही.

८ मार्च

लोडशेडिंग अर्ध्या तासानं वाढलं. आणि आता शेवटी शेवटी, लाईट यायच्या जरा आधी नेट मरतंय. पिराजी बघून आला. म्हणतो इन्व्हर्टरची बॅटरी पुरत नाही. एवढी मोठी बॅटरी कशी पुरत नाही? म्हटलं मीच बघते, घरात काय काय लावलंय ह्यांनी.

संध्याकाळी गेले तर घरात काळाकुट्ट अंधार. देवाजवळचासुद्धा दिवा नाही, समई लावलेली. आक्का उंबऱ्यात बसून आतल्या खोलीकडं तोंड करून हातपंख्यानं वारा घालत होत्या. पंखा बंद, सगळं बंद. पेटीची तेवढी हिरवी बत्ती.

"आक्का, असं का बसलाय? दिवा तरी लावा."

"कशाला? डोळ्याला बरं वाटतं अंधारात."

"आणि पंखा?"

"बाधतोय यांना."

बाधतोय म्हणे, आणि हातानं वारा घालतात. ह्या लोकांकडं पैसा टिकतो तो असा. बिल वाचवायला स्वतःला उकडून घेतील. पण चला, मला काय, जेवढं कमी लावतील तेवढं पेटीला पुरेल.

मी होते तेवढ्यात अभिनंदनचा फोन आला. आक्का मोठ्यानं बोलल्या, "व्हय रे, चाललाय की इन्व्हर्टर. झ्याक चाललाय. तू कशाला काळजी करतोस?" फोन ठेवून माझ्याकडं बघून हसल्या. चांगली बाई आहे, कंजूष असली तरी.

पाडवा

बाळासो थांबला. नुसता थांबला नाही, आणखी नऊ घरं घेऊन आला. मी साखरेची माळ घेऊन पिराजीबरोबर आक्कांकडं गेले. दारातच ऐकू आलं, आतल्या खोलीत काहीतरी घुर्र करत होतं. म्हटलं मिक्सर काढलाय का सणाचा. तेवढ्यात लाईट गेली आणि घुर्र बंद. मग अण्णांचा श्वास ऐकू यायला लागला. शिट्टीसारखा.

"वाफेचं मशीन हाय ग," आक्का म्हणाल्या. "डॉक्टरनं दिलंय, औषिद घालून घ्यायचं. निम्मंच झालं. लाईट आली की घेतील उरलेलं."

मला हसू आलं. आमच्या आईनं पातेल्यात ओवा टाकून वर टॉवेल घातला की छाती मोकळी व्हायची. आता वाफेलाही मशीन आणि मशीनला करंट. अण्णांना माळ दिली. हातात धरून बसले, बोलले नाहीत. पूर्वी मालकांना बघितलं की लांबूनच म्हणायचे, "काय चनबसाप्पा, आज कुठला पिक्चर?"

निघताना आक्कांनी पिराजीला विचारलं, "बाबा, पेटी थोडा वेळ काढली तर काय हुतंय रे?" पिराजी म्हणाला, "सगळ्यांचं बंद पडतंय आक्का." "बरं बरं," म्हणाल्या, "सहजच इचारलं."

१७ एप्रिल

ऊन असं की खांबाला हात लावला तर चटका बसतो. लोडशेडिंग आणखी वाढलं. पेपरात रोज मोर्चा आणि दगडफेक. आमच्या धंद्यात मात्र बरकत. नदीकडच्या गल्ल्यांतून लोक येतात, आम्हालाही नेट द्या, तुमचं लोडशेडिंगमध्ये चालतं म्हणे. तिथं पोरांचं एक वसतिगृह आहे. त्यांचं मिळालं तर मोठे केबलवाले परत आमची पायरी चढणार नाहीत.

पवित्रा अडून बसली. "तिकडं जायचं तर दोन डबे वाढणार. ते करंट कुठनं घेणार? त्याच पेटीतनं. पेटी कुठनं? आक्कांच्या बॅटरीतनं. आधी चार बॅटऱ्या घे, मग वायर वढ."

"पावसाळ्यापर्यंत काढू की. पाऊस पडला, धरणं भरली की लोडशेडिंग जातंय. दोन महिन्यांसाठी पाटल्या मोडू?"

"आणि तवर?"

"तवर चाललंय न्हवं?"

"चालवतंय कोण, अव्वा?"

मी म्हटलं, कंपनी तुझ्या बापानं काढली, चालवते मी, तू कॉम्प्युटर बघ. वायर ओढली. पिराजी दोन दिवस उन्हात खांबावर होता. 

९ मे

आजचं लिहू नये असं वाटतंय. पण बाकीचं लिहिलं आणि हे टाकलं तर मग लिहायचंच कशाला.

कुठल्याशा परीक्षेचा निकाल आज संध्याकाळी कॉम्प्युटरवर लागणार होता. बाळासोच्या कॅफेत पोरांची रांग रस्त्यापर्यंत. वसतिगृहातली पोरं वेगळी. लाईट गेली आणि नेटपण गेलं. शेवटी शेवटी नाही, मध्येच. बाळासोचा फोन आला, मागं पोरांचा गलका. "वैनी, काचा फुटतील माझ्या!" पिराजी नदीकडं अडकलेला. मीच पळत अण्णांच्या घरी गेले. जिन्याखाली बघते तर आमची पिन काढून बाजूला टाकलेली आणि तिथं दुसरीच कसली वायर लावलेली, ती आतल्या खोलीत गेलेली. घुर्र घुर्र चाललेलं.

"आक्का! पिन कुणी काढली?"

बाहेर आल्या. पदर सुटलेला, केस सुटलेले. "म्याच काढली ग. यांना दम लागलता. दोन्ही लावलं की त्यो इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतोय."

"मग सांगायचं की! पोरं दगड घेऊन उभी हायती तिकडं. अख्खी पेठ बंद पाडलीसा तुम्ही!"

"थोडा वेळच—"

"थोडा वेळ न्हाय चालत ह्यात. फुकट केबल कशापायी दिलीया तुमाला? पिन काढायची झाली तर आधी मला फोन करायचा. मला इचारल्याबिगार हात लावायचा न्हाय."

आक्का तशाच वळल्या. आत गेल्या. घुर्र थांबलं. बाहेर आल्या, आपल्या हातानं ती वायर काढली आणि आमची पिन लावली. पिन दोनदा चुकली. मी पुढं झाले नाही. पेटीची बत्ती हिरवी झाली.

"चुकलं ग," म्हणाल्या. "फोन करत जाईन."

दारातून बाहेर पडल्यावर लक्षात आलं, त्यांच्या टीव्हीवर कापड टाकलेलं होतं, आणि कापडावर धूळ.

पिराजी नंतर पेटी बघायला गेला होता, त्याच्याकडून पवित्राला कळलं. ती माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. उद्या ह्या वायरी गेल्या तर खायला काय तिचं शिक्षण घालणार आहे?

१२ मे

सकाळी आक्कांसाठी भडंग आणि केळी पाठवली पिराजीबरोबर. त्यांनी केळी ठेवून घेतली, भडंग परत आलं. लसूण असतो त्यात, त्या खात नाहीत. पंचवीस वर्षं ओळखते आणि हे लक्षात राहिलं नाही.

पवित्रा एकच बोलली आज. "बॅटऱ्या?"

म्हटलं, "जूनला."

२२ मे

सगळं सुरळीत. नेट जात नाही, शेवटच्या अर्ध्या तासातसुद्धा नाही. पवित्राला म्हटलं बघ, बॅटरी पुरते की नाही, उगाच घाबरवत होतीस. ती म्हणाली, "अव्वा, बॅटरी तेवढीच हाय, डबे वाढल्यात. मग पुरती कशी? त्या घरात आता काय बंद झालं असंल?"

 बाळासो म्हणाला पुढच्या महिन्यात आणखी सहा मशीन टाकतोय. मोठ्या केबलवाल्यांचा माणूस परवा रस्त्यात भेटला, लांबूनच नमस्कार केला.

३१ मे

सकाळी पूजेला बसले होते. लाईट गेलेली. लिंग हातावर. फोन वाजला. वाजून बंद झाला. परत वाजला. परत एकदा. मी उठले नाही. पूजेत मी उठत नाही.

पूजा झाल्यावर बघितलं तर सीताआक्कांचा नंबर. मी लावला. कुणी उचलला नाही.

पिराजी आला तो चप्पल न काढताच आत आला. "वैनी, अण्णा गेले."

गेले. पिराजी आधी पोचला होता. म्हणाला, आक्का खाटेजवळ खाली बसल्या होत्या, वाफेचं मशीन मांडीवर. त्यात औषध तसंच भरलेलं. मशीनच्या वायरीची गुंडाळी करून दोरा बांधलेला होता, नव्या वस्तूची असते तशी. लाईट गेली की त्या रोज अशीच बांधून ठेवायच्या म्हणे. शेजारी फोन. जिन्याखाली इन्व्हर्टर शिट्टी मारत होता, बॅटरी संपत आली की मारतो तसा.

मी पिराजीला विचारलं, "आपली पिन?"

"लावलेलीच हाय," म्हणाला. आणि तोंड फिरवून उभा राहिला.

दुपारी नदीवर नेलं. मी घरी आले, आंघोळ केली, बसले. फोन समोर ठेवला होता. दिवसभरात एक तक्रार आली नाही. नेट चालू होतं.

१ जून

अभिनंदन बेंगळूरहून आला. पोहोचायला उशीर झाला, तोंड बघायला मिळालं नाही. आज मी आणि पवित्रा भेटायला गेलो. घर माणसांनी भरलेलं. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून सरकल्या, शेजारी जागा केली.

अभिनंदन आतबाहेर करत होता. जिन्याखाली वाकून बघून आला आणि आईपुढं बसला.

"आई, इन्व्हर्टर मी अण्णांच्या मशीनसाठीच बसवला होता ना? डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा मोठी बॅटरी घातली होती मी. रात्रभर मशीन चाललं असतं त्याच्यावर. संपली कशी?"

 पवित्राचा हात माझ्या हाताला लागला, तिनं तो काढून घेतला. पेटीची वायर तिथंच होती, सगळ्यांच्या समोर. जिन्याखाली वाकून बघणाऱ्याला दिसेल अशी. पण त्याला कुठली वायर कशाची हे कळलं नसावं, केबलवाल्यांची पेटी तो शाळेत होता तेव्हापासून तिथंच आहे.

आक्का म्हणाल्या, "बॅटरीत पाणी घालायचं राह्यलं रे माझ्याकडनं. माझंच चुकलं."

अभिनंदन रडायला लागला. आईवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मला बोलायचं होतं. तोंड उघडलं की नाही आठवत नाही. माझ्यासारखी बाई, जिचा आवाज गंगावेशीपर्यंत जातो. निघताना आक्कांनी दारापर्यंत हात धरला माझा. हळू म्हणाल्या, "म्या फोन केलता ग तुला. तीनदा केला. मग वाटलं, पूजेत असशील."

रस्त्यात पवित्रा म्हणाली, "आता लिही डायरीत."

लिहिलं.

४ जून

पाटल्या मोडल्या. पवित्राला सांगितलं नाही, तिनं मनगट बघितलं. चार बॅटऱ्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "आता कशाला वैनी? पाऊस आठ दिवसांवर आलाय." मी म्हटलं, गाडीत चढव.

पिराजीनं जोडल्या. आक्कांच्या इन्व्हर्टरमधली आमची पिन मी माझ्या हातानं काढली. पहिल्या झटक्यात निघाली.

मला कुणी सांगितलं नव्हतं मशीन त्याच्यावर चालतं म्हणून. आक्कांनी कधी सरळ सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. त्या दिवशी आक्कांनी पिन काढल्यावर तरी तुला कळलं होतं की, असं पवित्रा म्हणाली. काढल्यावर कळलं होतं.

१९ जून

पाऊस लागलाय. लोडशेडिंग कमी झालं. मी म्हटलं होतं तसंच झालं. पावसाळ्यापर्यंतच काढायचं होतं.

२८ जून

अभिनंदन आईला न्यायला आला होता. आक्का गेल्या नाहीत. "वर्षाचं झाल्यावर बघू," म्हणाल्या. तो एकटाच परत गेला, जाताना मला म्हणाला, "मावशी, तुम्ही जवळ आहात, आईकडं लक्ष ठेवा. तिचा तुमच्यावर फार जीव आहे." मी हो म्हटलं.

बाळासोनं सहा मशीन टाकली. मला पेढे आणून दिले. तसेच ठेवलेत.

संध्याकाळी आक्कांकडं गेले. अलीकडं रोज जाते. दिवस मावळायच्या आत जाते म्हणजे त्यांच्या ताटात चार घास पडलेले बघता येतात. आज त्यांनी माझ्यापुढंही भाकरी वाढली. लसणाशिवायची आमटी. खाल्ली.

जेवणं झाली आणि लाईट गेली. पावसात कुठंतरी तार तुटली असेल. इन्व्हर्टर लागला. आता त्याच्यावर कसलंच ओझं नाही, मशीनपण अभिनंदननं दवाखान्यात देऊन टाकलं. तरी आक्का उठल्या नाहीत. अंधारातच बसल्या, आतल्या खोलीकडं तोंड करून. जिन्याखाली पेटीची हिरवी बत्ती.

"आक्का, दिवा लावा की आता. पेटीची बॅटरी वेगळी हाय. पंखाबी लावा, सगळं लावा."

"असू दे ग."

मला राहवलं नाही. मीच उठून बटण दाबलं. ट्यूब दोनदा चमकली आणि लागली. घर केवढं मोठं दिसलं, आणि किती रिकामं. आक्कांनी डोळ्यावर हात धरला. माझ्याकडं बघितलं नाही. मान वळवून आधी पेटीकडं बघितलं, बत्ती हिरवीच आहे का म्हणून.

"बंद पडंल ग," म्हणाल्या. भिंतीला धरून उठल्या आणि बटण बंद केलं.

मग आम्ही दोघी तशाच बसलो. कुणाचा फोन आला नाही. नेट चालू होतं.